पुरावा नंबर एक

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक काकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच नाही. दारात उभं करून आधी माझ्या चपला बघितल्या, मग पँटच्या मागच्या सुरकुत्या बघितल्या आणि म्हणाले, "रेल्वेनं आलाव. खिडकीजवळची जागा मिळाली हुती."

मी मित्राच्या मोटरसायकलवर मागं बसून आलो होतो. मोटरसायकल त्यांच्याच फाटकाला लावलेली होती, मित्र तिच्यावरच बसला होता. तसं मी सांगितलं.

"शक्य न्हाई," काका म्हणाले आणि विषय संपवला.

मग त्यांनी माझ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरली. खिशातून पितळेचं एक घडीचं भिंग काढलं, ते बाहीवर टेकवून एक डोळा मिटला. "कॉटन म्हणून घेतलाव न्हवं? निम्मं पॉलिस्टर हाय. फसवलंय की तुमाला." मला राग आला. शर्ट नवा होता आणि मी तो पारखून घेतला होता. मित्राच्या खोलीवर येऊन शिवणीतला एक धागा काडीनं जाळून बघितला, तर त्याचा वितळून काळा मणी झाला. काकांच्या बाबतीतला कायमचा नियम मला असा पहिल्याच दिवशी कळला. माणसांच्या बाबतीत ते हमखास चुकायचे आणि कापडाच्या बाबतीत कधीच नाही.

"काम काय करता?" त्यांनी शेवटी विचारलं.

"लॅबमध्ये आहे."

"लॅबमदी?" ते जागचे उठले. "म्हंजे... लॅबमदी?" आणि आत वळून ओरडले, "ऐकलीस का? च्या टाक. लॅबवाले आल्यात."

मी रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो. सकाळी उपाशीपोटी आलेल्या लोकांच्या दंडाला रबर बांधायचं, रक्त काढायचं, साखर किती ते सांगायचं, एवढंच माझं विज्ञान. हे मी त्यांना समजावून सांगणार होतो, पण तोवर चहा आला, सोबत शेंगाची पोळी आली. जेऊरहून आलेला मी, चार दिवस खाणावळीचं खाऊन कंटाळलेलो. म्हटलं सांगू नंतर. तो नंतर कधी आलाच नाही. जुळे सोलापुरातल्या त्या घराच्या वरच्या खोलीत मी तीन वर्षं राहिलो, खाली काकूंच्या हातचं जेवलो आणि तीन वर्षं काका मला 'लॅबवाले' म्हणत राहिले.

काकांचं वेड म्हणजे रोज संध्याकाळी साडेसातला लागणारी एक मालिका. कुठेतरी खून व्हायचा, पोलीस गोंधळायचे आणि मग पांढऱ्या कोटातल्या एक डॉक्टरबाई एखादा केस, बटण नाहीतर मातीचं ढेकूळ चिमट्यानं उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या. काका त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. सात वाजता हातपाय धुऊन, धुतलेला शर्ट घालून ते टीव्हीसमोर बसत. मांडीवर वही. बाई सूक्ष्मदर्शकात बघायला लागल्या की घरात कुणी बोलायचं नाही. फोडणीसुद्धा टाकायची नाही. काकू मागं लसूण सोलत बसलेल्या असायच्या. त्या आवाज न करता लसूण सोलत आणि जाहिरात लागली की म्हणत, "ह्या बाईच्या घरी सैपाक कोण करतंय की."

सुरुवातीला मला वाटायचं, रिकामटेकड्या म्हाताऱ्याचा नाद आहे, झालं. मग एकदा मीच विचारलं, की काका, रोज तेच तर असतं, त्यात एवढं काय आहे?

काका टॉवेलच्या एका कारखान्यात चाळीस वर्षं तपासणीला होते. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड पुढं सरकायचं आणि काका त्यातला दोष शोधायचे. तुटलेला धागा, सुटलेली वीण, तेलाचा ठिपका. तोंडातून दोनच शब्द, पास किंवा रिजेक्ट. रिजेक्ट झालं की विणकराचा पगार कापला जायचा, त्यामुळे काका समोरून आले की माणसं वाट बदलायची. घरीही तेच. आमटी रिजेक्ट, दूधवाला रिजेक्ट, जावयानं आणलेला पंखा रिजेक्ट. "लग्न हून पंचेचाळीस वर्सं झाली," काकू सांगायच्या, "माजी एक भाकरी अजून पास झाली न्हाई."

"चाळीस वर्सं मी हेच केलो की, लॅबवाले," काका म्हणाले. "बारीक बघितलो. लोकं काय म्हणाली? मेला बारीक नजरेचा. आनि हितं बघा." त्यांनी टीव्हीकडं बोट केलं. "बाईंनी एक धागा उचलला की साहेब, हवालदार, समदे भवतीनं हुबं ऱ्हातात. बोला म्हनतात. ऐकून घेतात."

मला ते ऐकून वाईट वाटलं. त्यानंतर मी मालिकेची चेष्टा केली नाही, निदान त्यांच्यासमोर तरी.

चेष्टा करावी असे प्रसंग मात्र ते रोज आणायचे. खाऱ्या शेंगदाण्यांच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून त्यांनी पुराव्यासाठी ठेवल्या होत्या. माझ्या लॅबमधले रबरी हातमोजे मागून घेतले होते. मी सकाळी कामाला निघालो की जिन्याच्या खाली पिशवी घेऊन उभे. "हे जरा लॅबमदी टाका." पिशवीत कधी फाटकावरचा लाल डाग पुसलेला बोळा (गुटख्याचा), कधी शेजाऱ्याच्या कुत्र्याचे केस, कधी अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा चोरणाऱ्याच्या पायाखालची माती. मी ते चौकातल्या कचराकुंडीत टाकायचो आणि संध्याकाळी तोंडी अहवाल द्यायचो. शेंगाचोर म्हणून त्यांनी समोरच्या निवृत्त मास्तरांचं नाव पक्कं केलं होतं. मास्तरांचा डावा पाय अधू होता, ते शिडीच काय, दोन पायऱ्याही धरून चढायचे. शेंगा शेवटी काकूंनीच मास्तरांच्या सुनेला दिल्या होत्या असं निघालं.

पण एक मानावं लागेल, माणूस पुराव्याशी प्रामाणिक होता. डॉक्टरांनी त्यांना तेल-तिखट बंद केलं होतं आणि तरी घरातली शेंगाचटणीची बरणी रोज बोटभर खाली जात होती. काकूंनी संशय घेतला तर काका संतापले आणि बरणीच्या झाकणाला खालून हळद चोळून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो, तर काका ओसरीवर स्वतःची पिवळी बोटं बघत बसलेले. हळद लावलीय हे ते विसरून गेले होते. दुसरा कुणी असता तर हात धुऊन मोकळा झाला असता. काकांनी वही काढली, आरोपी म्हणून स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, अंगठा उठवला आणि वही काकूंपुढं ठेवली. "पुरावा सांगंल ते खरं," म्हणाले. काकू हसून हसून खाली बसल्या.

काकूंना असं हसताना मी फार वेळा बघितलं नाही. त्याचं कारण कपाटात होतं.

कपाटात वरच्या कप्प्यात एका पिशवीत लाल काठाचा पांढरा टॉवेल होता. पिशवीवर चिठ्ठी, पुरावा नंबर एक. त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. अकरा वर्षांपूर्वी कारखान्यातला बाहेरदेशी जाणारा माल परत आला होता. विणताना तुटलेला धागा कुणीतरी घाईनं जोडला होता, गाठ जाड राहिली होती, तिनं शेजारचे धागे ओढले आणि टॉवेलभर रेघ पडली. मालकानं विचारलं, कुणाचं काम? विणकराची गाठ म्हणजे त्याची सही असते असं काका म्हणायचे. त्यांनी भिंग लावलं, गाठ बघितली आणि नाव सांगितलं. नाव काकूंच्या धाकट्या भावाचं होतं. तो त्याच दिवशी कामावरून गेला.

तेव्हापासून भाऊ या घरी आला नाही आणि काकू माहेरी गेल्या नाहीत. माहेर कुठं, तर शहराच्या पूर्व भागात, रिक्षानं वीस मिनिटं. दर वर्षी काकू भावाला कुरिअरनं राखी पाठवायच्या, सोलापुरातून सोलापुरात. कुरिअरवालासुद्धा दर वेळी पत्ता दोनदा वाचायचा. नारळी पौर्णिमेला विणकरांच्या मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा त्या गर्दीत एका बाजूला उभ्या राहायच्या, भाऊ दुसऱ्या बाजूला. मधून रथ जायचा. हे सगळं काकूंनीच मला सांगितलं, कोथिंबीर निवडता निवडता, काही विशेष नसल्यासारखं.

"मी कुठं बोललो? पुरावा बोलला," काका आतून म्हणाले.

"पुराव्याला भाऊ न्हाई," काकू म्हणाल्या. "मला हाय."

माझ्या तिसऱ्या वर्षी, श्रावण लागायच्या सुमारास, मालिकेत आक्रीत घडलं. बाई चुकल्या. स्वतःचाच जुना अहवाल त्यांनी पुन्हा काढला, पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि भर कोर्टात सांगितलं की माझी चूक झाली, माझ्यामुळं निरपराध माणूस आत बसला. काकांनी वही मिटली. जेवणात लक्ष नव्हतं. रात्रीचं जेवण आटोपून मी वर निघालो तर जिन्यावर गाठून म्हणाले, "बाईसुद्धा चुकतात, लॅबवाले."

दुसऱ्या दिवशी पुरावा नंबर एक माझ्या हातात होता. हातमोज्यांसह. ही पिशवी कचराकुंडीत टाकायची माझी छाती झाली नाही. लॅबमध्ये दुपारी सामसूम असताना मी ती गाठ खरंच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. दोरखंडासारखा एक धागा दुसऱ्या धाग्यात गेलेला दिसला, यापलीकडं मला काही कळलं नाही. पण काकांना लेखी अहवाल हवा होता. शेवटी कोऱ्या कागदावर मी लिहून दिलं. नमुना: टॉवेल. रंग: पांढरा. साखर: आढळली नाही.

काकांनी तो कागद तीनदा वाचला. "म्हंजे अजून तपास पायजे," म्हणाले.

तपास लागला तो भलतीकडून. राखी पौर्णिमेच्या चार दिवस आधी काकू ओसरीवर भावाची राखी पाकिटात घालत होत्या. राखीची दोरी ओढताना तुटली. काकूंनी तुटलेली टोकं एका हातात धरली, अंगठा आणि तर्जनी फिरवली आणि वर न बघता, माझ्याशी बोलता बोलता, गाठ मारून मोकळ्या झाल्या. पापणी लवायच्या आत. समोर बसलेल्या काकांचा चहा अर्ध्यावर राहिला.

"हालू नको," ते म्हणाले. भिंग निघालं. राखी काकूंच्या हातातच होती, काका गुडघ्यावर बसून तिच्यावर वाकले. मग कपाटातून पुरावा आला. एकदा इकडं भिंग, एकदा तिकडं.

"ही गाठ तुला कुणी शिकवली?"

"नानांनी. दुसरं कोण शिकवणार?" नाना म्हणजे काकूंचे वडील. त्यांच्या घरी हातमाग होता. "मला शिकवली, तम्माला शिकवली." तम्मा म्हणजे तो धाकटा भाऊ. "आनि तुमाला न्हाई का शिकवली? लग्नाच्या आदी दोन वर्सं आमच्याच मागावर बसत हुता की."

काकांनी काकूंच्या डब्यातून दोरा घेतला, तोडला आणि स्वतः गाठ मारली. त्यांची बोटं आता थरथरायची, तरी गाठ बसली. भिंग लावलं. तिन्ही गाठी एकाच वळणाच्या, एकाच घरच्या. अकरा वर्षांपूर्वी माल बांधायच्या आधी सुटलेले धागे काका स्वतःच जोडत असत, हेही त्यांना तेव्हाच आठवलं.

त्या संध्याकाळी साडेसातला खालून टीव्हीचा आवाज आला नाही. मला वाटलं वीज गेली. खाली आलो तर दिवे लागलेले आणि काका बंद टीव्हीसमोर बसलेले. वही उघडी होती. आरोपी: पुन्हा स्वतःचंच नाव. या वेळी काकू हसल्या नाहीत.

"त्याच्याकडं जाऊन सांगायला पायजे," काका म्हणाले. "बाईंनी कोर्टात सांगितलं. मी निदान घरी जाऊन सांगतो." मग माझ्याकडं वळले. "तुमी संगं चला. लॅबचा मानूस असला की वजन पडतंय."

राखी पौर्णिमेला आम्ही तिघं रिक्षात बसलो. काकूंनी हिरवी जरीची साडी नेसली होती आणि जायचं ठरल्यापासून त्या माझ्याशी धड बोलल्याही नव्हत्या, इतक्या घाबरल्या होत्या. तम्मानं दार लावून घेतलं तर कुरिअरची राखीसुद्धा गेली, हे त्यांना कळत होतं. काकांनी मांडीवर पिशवी धरली होती आणि हातमोजे रिक्षातच चढवले होते. रथाच्या गर्दीमुळं रिक्षा अलीकडंच थांबली. राखी बांधलेले, नवे कपडे घातलेले लोक, तेलुगू-मराठीतला गलका आणि मधून रबरी हातमोजे घातलेले काका. एका बाईनं तर डॉक्टर समजून त्यांना वाट करून दिली.

दार भावानंच उघडलं. साठीकडं झुकलेला, लुंगीतला, केसांवर सुताची धूळ असलेला माणूस. त्यानं आधी बहिणीकडं बघितलं, मग काकांकडं, मग हातमोज्यांकडं.

"बावा," तो म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याला ते तसं म्हणतात. "कुनाचं आपरेशन हाय?"

काकांनी उंबऱ्यातच पिशवी उघडली. बोलायचं त्यांनी पाठ केलं होतं, शुद्ध मराठीत, मालिकेसारखं. "सदर गाठ तुझी आहे असं मी सांगितलं. नव्यानं तपास केला असता ती माझीसुद्धा असू शकते. मला वाटतं माझीच हाय. माझ्यामुळं तुझं काम गेलं." इथवर येऊन पाठांतर संपलं. "तर मी आलोय," ते म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. मी घाईनं अहवालाचा कागद पुढं केला. भावानं वाचला. "साखर आढळली न्हाई," तो मोठ्यानं म्हणाला आणि माझ्याकडं असं बघितलं की मला तिथंच राजीनामा द्यावासा वाटला.

त्यानं काकांच्या हातातून टॉवेल घेतला. भिंग नाही, चष्मा नाही. रेघेवरून अंगठा फिरवत नेला, एका जागी थांबला.

"माजीच हाय," तो म्हणाला.

"काय?"

"गाठ. माजीच हाय, बावा. त्या दिवशी बोट कापलेलं. पोरगी तापानं फनफनलेली, ध्यान घरी हुतं. गाठ जाड राहिली ते मला मारतानाच कळलं हुतं."

काकांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी बघितलाय. "म्हंजे माझं बरोबर हुतं!" ते ओरडले. अकरा वर्षांनंतर दारात उभे राहून, समोर बायको डोळे पुसत असताना, या माणसाला आनंद झाला तो आपली पारख बरोबर निघाल्याचा. मला त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

"बरोबरच हुतं की," भाऊ म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी कदी म्हनलो, गाठ माजी न्हाई म्हनून? तुमी भिंग लावलाव तवा मी चार पावलावर हुबा हुतो. मालकाकडं गेलाव. माज्याकडं आला न्हाई. तम्मा, काय झालं रं, एवढं इचारलं असतं तर मीच मालकाला सांगितलं असतं. चुकलं म्हनून कोन रागवंल? मला तुमी इचारलं न्हाई, त्याचा राग हाय."

काकांच्या मालिकेत असा प्रसंग कधी आला नव्हता. तिथं आरोपी सापडला की भाग संपायचा. त्यांनी एकेक बोट सोडवत हातमोजे काढले, घडी केली, काय करावं ते न कळून खिशात घातले.

"काय झालं हुतं रं त्या दिवशी, तम्मा?" काकांनी विचारलं. "पोरीला किती ताप हुता?"

भावानं हातातला टॉवेल आतल्या खुर्चीवर टाकला. मग दारातून बाजूला झाला. "आत या," म्हणाला. "अक्का, तू काय पावनी हायस का, भाईर हुबी ऱ्हायला?"

काकूंनी राखी पाकिटातून काढली ती तिथंच, उंबऱ्यात. बांधताना त्यांनी दोरी इतकी ओढली की ती पुन्हा तुटली. भावानं तुटलेली टोकं त्यांच्या हातातून घेतली, एका हातानं गाठ मारली आणि मनगट पुढं केलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, आंबट आमटी आणि नारळीभात होता. काका काहीही रिजेक्ट न करता जेवले. पोरीला ताप किती होता, कोणत्या दवाखान्यात नेलं, कोण बसलं होतं, सगळं त्यांनी अकरा वर्षं उशिरा विचारून घेतलं होतं आणि वहीत काहीही लिहिलं नव्हतं. ती पोरगी आता बी.एड. करत होती आणि त्यांना भात वाढत होती.

हात धुऊन काका मोरीशी उभे राहिले, ओले हात पुढं धरून. कुणीतरी पंचा शोधायला आत गेलं. काकूंनी वाट बघितली नाही. खुर्चीवर पडलेला पुरावा नंबर एक उचलला आणि त्यांच्या हातावर टाकला. मी दचकलो. काका क्षणभर थांबले. मग त्यांनी त्या टॉवेलनं हात पुसले, बोटं पुसली, कोपरापर्यंत पुसलं, शेवटी तोंडही पुसलं. सवयीनं तो उजेडासमोर धरला. हात खिशाकडं गेला, पण भिंग काढलं नाही.

"पानी चांगलं ओढतोय," ते म्हणाले.

"मग? इनलाय कुनी!" भाऊ म्हणाला.

काकांनी टॉवेल नीट घडी करून खांद्यावर टाकला.

"पास," म्हणाले.